एका भागावरच्या प्रतिक्रिया कशा नोंदवाव्यात: विज्ञानकथा मालिका मिळून पाहणाऱ्यांसाठी

बेळगाव, खानापूर, निपाणी या भागांत विज्ञानकथेच्या मालिका पाहणारी मराठी माणसे आता थोडीथोडकी राहिलेली नाहीत. मात्र भाग संपला की "भारी होता" किंवा "बोअर झाला" एवढ्यावर बोलणे थांबते, आणि महिन्याभराने विचारले तर तो भाग आपल्याला का आवडला होता हे पाहणाऱ्यालाच सांगता येत नाही. आमचा आठ-दहा जणांचा गट गेली काही वर्षे एकत्र बसून असे भाग पाहतो आणि प्रत्येकाची प्रतिक्रिया लिहून ठेवतो. त्यातून जी पद्धत घडत गेली ती इथे सविस्तर देत आहे. तिचा गाभा एकच आहे: दुसऱ्याचे ऐकण्यापूर्वी स्वतःचे लिहावे.

भाग कोणता निवडावा

पहिल्या बैठकीसाठी मालिकेचा पहिला किंवा शेवटचा भाग घेऊ नये. पहिल्या भागाचा निम्मा वेळ पात्रांची ओळख करून देण्यात जातो, आणि शेवटचा भाग मागचे सारे पाहिलेल्यांनाच कळतो. एका बैठकीत सुरू होऊन तिथेच संपणारी, पाऊण तासाची स्वतंत्र कथा असलेला भाग निवडावा.

आम्ही 'स्टार ट्रेक: द नेक्स्ट जनरेशन' या मालिकेतील 'डार्मोक' हा भाग निवडला होता आणि सीमाभागातील कोणत्याही गटाला मी तोच सुचवीन. पाचव्या हंगामातील हा दुसरा भाग ३० सप्टेंबर १९९१ रोजी अमेरिकेत प्रथम दाखवला गेला. पुढील मजकुरात त्याचा शेवट सांगितला आहे, त्यामुळे ज्यांना तो पाहायचा आहे त्यांनी आधी पाहून घ्यावा.

कॅप्टन पिकार्ड यांच्या अंतराळजहाजाची गाठ तमेरियन नावाच्या लोकांशी पडते. भाषांतर करणारे यंत्र तमेरियनांचा प्रत्येक शब्द उलगडून देते, तरी अर्थ लागत नाही, कारण ते लोक केवळ आपल्या पुराणकथांच्या उल्लेखांतून बोलतात. "शाका, जेव्हा भिंती कोसळल्या" असे ते म्हणतात, तेव्हा त्यांना अपयश म्हणायचे असते. त्यांचा कप्तान डेथॉन हा पिकार्ड यांना आपल्यासोबत एका निर्जन ग्रहावर उतरवतो आणि त्यांच्यासमोर खंजीर धरतो. पिकार्ड यांना ते द्वंद्वाचे आव्हान वाटते. प्रत्यक्षात दोघांनी मिळून एका संकटाशी लढावे आणि त्या लढण्यातून एकमेकांची भाषा कळावी, असा डेथॉनचा हेतू असतो. शेवटी त्याला त्यासाठी प्राण द्यावे लागतात.

ज्या गावात घरी मराठी, बाजारात कन्नड आणि कार्यालयात तिसरेच काही बोलावे लागते, तिथे हा भाग परका वाटत नाही. "त्याचे पानिपत झाले" हे वाक्य शब्दशः कन्नडात नेले तर ऐकणाऱ्याच्या हाती फक्त एका गावाचे नाव लागेल. १७६१ चा तो पराभव ज्याच्या मनात आधीपासून आहे, त्यालाच वाक्य समजते. "ध चा मा केला" हेही तसेच. नारायणराव पेशव्यांच्या १७७३ मधील खुनाची आख्यायिका ठाऊक नसेल, तर ती केवळ दोन अक्षरे उरतात. आमच्या गटातील एक कन्नडभाषक मित्र म्हणाला की, पानिपताने त्याच्या मनात काहीच हलत नाही, पण खानापूर तालुक्यातील नंदगडचे नुसते नाव घेतले की इंग्रजांविरुद्ध लढून १८३१ मध्ये तिथे फाशी गेलेला संगोळ्ळी रायण्णा डोळ्यांसमोर उभा राहतो. तो भाग पाहून झाल्यावर आमच्याकडे आलेली ही सर्वांत मोलाची प्रतिक्रिया होती, आणि ती भागाच्या कथेविषयी नव्हती. अशा प्रतिक्रियेला वहीत जागा मिळावी, एवढ्यासाठीच पुढची सारी शिस्त आहे.

बैठकीची तयारी आणि पहिली दहा मिनिटे

माणसे आठ ते बारा असावीत आणि सगळी एकाच वयाची नसावीत. मालिकेचे जुने चाहते निम्म्याहून अधिक झाले तर नवखे गप्प बसतात, हे ध्यानात ठेवावे. जुलै-ऑगस्टमध्ये खानापूरकडे पत्र्याच्या छपराखाली बैठक ठेवू नये. पावसाच्या आवाजात संवाद ऐकू येत नाहीत आणि मग प्रतिक्रिया भागावर न येता आवाजावर येतात. गणपतीच्या दिवसांत मंडळांच्या स्पीकरमुळे हीच अडचण होते. लाईट जाण्याची शक्यता गृहीत धरून इन्व्हर्टर असलेले घर निवडावे, कारण मधेच अर्ध्या तासाचा खंड पडला की माणसे बोलू लागतात आणि मग स्वतंत्र प्रतिक्रिया मिळण्याची आशा सोडावी लागते.

मराठी उपशीर्षके नसतील तर इंग्रजी उपशीर्षके लावावीत आणि सुरुवातीला एकाने पाच-सहा वाक्यांत पार्श्वभूमी सांगावी: जहाज कोणते, कप्तान कोण, काळ कोणता. त्यापुढे एक शब्दही सांगू नये. "आता बघा, पुढे काय गंमत आहे" असे म्हणणाऱ्या उत्साही चाहत्याला प्रेमाने पण ठामपणे थांबवावे. प्रत्येकाला आधीच एक कोरे कार्ड आणि पेन द्यावे. पाहताना फक्त वेळेची नोंद करण्याची मुभा असावी, म्हणजे एखादा क्षण मनाला भिडला तर पडद्यावरचा मिनिटाचा आकडा लिहून पुढे पाहत राहावे.

भाग संपताच दिवा लावावा आणि दहा मिनिटे कोणीही बोलू नये. चहासुद्धा नंतर. कार्डावर तीन गोष्टी लिहायच्या असतात: कोणता क्षण मनात राहिला, तो पाहताना काय वाटले आणि काय पटले नाही. आमच्या दुसऱ्याच बैठकीत मी ही दहा मिनिटे पाळली नाहीत. शेवटचे दृश्य सरले न सरले तोच एका मोठ्या आवाजाच्या मित्राने "शेवट फसला" असे सांगून टाकले, आणि नंतर वाचून पाहतो तर अकरापैकी आठ कार्डांवर शेवट फसल्याचेच लिहिलेले होते. त्या आठांतील किती मते खरोखर स्वतःची होती हे आज कोणालाच सांगता येणार नाही, आणि ती संध्याकाळ वाया गेल्याची खंत मला अजून आहे.

कार्डे गोळा झाल्यावरच चर्चा सुरू करावी आणि तिची सुरुवात वयाने सर्वांत लहान असलेल्यापासून करावी. आपल्याकडे काका, सर, मावशी बोलून गेल्यावर त्यांच्याविरुद्ध बोलणे मुलांना जड जाते. हे आदराचेच लक्षण आहे, पण नोंदीसाठी ते अडचणीचे ठरते.

नोंद कशी लिहावी

कार्डांवरील मजकूर वहीत उतरवताना भाषा सुधारण्याचा मोह टाळावा. शेजारच्या मावशींनी लिहिले होते, "भाषा शिकवायला जीव दिला की बिचाऱ्यानं." हे वाक्य "डेथॉनचा त्याग हृदयस्पर्शी आहे" असे करून लिहिले असते तर त्यातला "की" गेला असता, आणि त्याबरोबर मावशीही गेल्या असत्या. कन्नड शब्द आला तर तोही तसाच देवनागरीत ठेवावा आणि पुढे अर्थ द्यावा. पिकार्ड यांना त्या भाषेची किल्ली सापडते त्या क्षणापुढे एका मुलीने केवळ "तिळीतु" असे लिहिले होते. त्याचा अर्थ "समजले". पण कन्नडात "तिळी" म्हणजे नितळ, स्वच्छ असाही अर्थ आहे, जसे नितळ पाण्याला "तिळिनीरु" म्हणतात. त्याच जाणिवेसाठी तमेरियनांच्या भाषेत डोळ्यांवरचे आवरण दूर होण्याची प्रतिमा आहे. मी "समजले" एवढेच लिहून मोकळा झालो असतो तर ही जवळीक दिसलीच नसती.

तक्रारींची नोंद अधिक काळजीने घ्यावी, कारण "मला आवडले नाही" आणि "हे जुळत नाही" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पहिली मनःस्थितीची नोंद आहे. तिच्याशी वाद घालू नये, ती जशीच्या तशी लिहावी. दुसरी मात्र तपासता येते. 'डार्मोक'विषयी जगभरचे चाहते एक आक्षेप घेत आले आहेत आणि आमच्याकडे तो एका अकरावीतल्या मुलाने आपणहून मांडला: जर ही माणसे फक्त कथांच्या उल्लेखांतून बोलतात, तर ती मूळ कथा लहान मुलांना कोणत्या शब्दांत सांगतात, आणि जहाजाचे यंत्र दुरुस्त करताना कोणता बोल्ट किती घट्ट करायचा हे कसे सांगतात? यावर एका आजोबांनी कीर्तनाचे उदाहरण दिले. मुलाला आख्यान आधी हावभावांतून, चालीतून, टाळ-मृदंगातून कळते आणि शब्दांचा अर्थ मागाहून येतो, असे त्यांचे म्हणणे होते. मला त्यांचे उत्तर पहिल्या प्रश्नापुरते पटते. बोल्टचा प्रश्न माझ्या मते शिल्लकच राहतो. वहीत आक्षेप, उत्तर आणि शिल्लक राहिलेला भाग असे तिन्ही लिहावे. कोण जिंकले हे लिहू नये.

दहा माणसांच्या मतांची टक्केवारीही काढू नये. "सत्तर टक्के प्रेक्षकांना आवडला" असे लिहिले की वाचणाऱ्याला शेकडो माणसे दिसू लागतात. "दहांपैकी सात जणांनी शेवट आवडल्याचे लिहिले" हे प्रामाणिक वाक्य आहे. नोंद इतरांना वाचायला द्यायची असेल तर ज्याची प्रतिक्रिया आहे त्याची परवानगी घ्यावी, नावाऐवजी वय आणि गाव लिहावे आणि शेवट उघड करणाऱ्या ओळी वेगळ्या पानावर ठेवाव्यात.

प्रत्येकाने आपल्या शब्दांत लिहावे हा आग्रह फाजील वाटू नये. मूळ 'स्टार ट्रेक' मालिका बंद पडण्याच्या बेतात असताना चाहत्यांनी एनबीसी या वाहिनीकडे पत्रांचा ओघ सुरू केला आणि १ मार्च १९६८ रोजी मालिका पुढे चालू राहणार असल्याचे वाहिनीने प्रसारणातच जाहीर केले. एखाद्या भागाविषयी मालिका करणाऱ्यांना किंवा दाखवणाऱ्यांना तुम्हीही लिहिणार असाल, तर सर्वांनी एकच मसुदा नकलून पाठवू नये. आपापल्या कार्डावरचा तो एक क्षण घेऊन पत्र लिहावे.

महिन्याभराने तोच भाग पुन्हा पाहावा आणि नवे कार्ड जुने न दाखवता भरून घ्यावे. दोन्ही कार्डे वहीत समोरासमोरच्या पानांवर चिकटवावीत, वर तारखा घालाव्यात. मावशींच्या दुसऱ्या कार्डावर डेथॉनचा उल्लेख नव्हता. त्यांनी खंजिराच्या दृश्याचा मिनिटाचा आकडा घातला होता आणि खाली लिहिले होते, "पहिल्या वेळेस मलापण तो मारायलाच आलाय असं वाटलं होतं."