घर कितीला मागायचं?

मी बेळगावात उद्यमबागेत एका फौंड्रीत कॉस्टिंग बघतो. कास्टिंगचा दर काढताना आधी भंगार, वाळू, वीज, मजुरी. गिऱ्हाईक काय म्हणतंय ते शेवटी. घर घेताना मात्र आम्ही सगळेच उलटं करतो. मालक चाळीस म्हणाला की आपण छत्तीस म्हणायचं, अडतीसला तुटलं की दोन लाख वाचले म्हणून पेढे वाटायचे. ते चाळीस आलं कुठनं, हे कुणी विचारत नाही.

वडगावातलं घर मी आषाढात पाहिलं. एजंट म्हणाला, "सर, चाळीसच्या खाली मालक बोलतच नाहीत." मी हूं म्हटलं, घरी आलो आणि जुन्या डायरीचा मागचा कागद फाडला.

पहिली ओळ जागेची. २० बाय ४५, म्हणजे ९०० चौरस फूट. गुंठा १०८९ चौरस फुटांचा, त्यामुळे एजंट 'एक गुंठ्याचं घर' म्हणाला तरी सीटीएस (सिटी सर्व्हे) उताऱ्यावरचा आकडाच धरायचा. दर मालकांना विचारू नका, मालक आपल्या मनातला दर सांगतात. वर्षभरात ज्यांनी खरंच पैसे मोजलेत त्यांना गाठा. गल्लीत चहाच्या टपरीवर दोन दिवस बसलात की कळतं. मला तीन आकडे मिळाले : २६००, २८०० आणि ३४००. तिसरी जागा मेन रोडच्या कोपऱ्यावरची, खाली दुकान काढता येईल अशी, ती सोडली. २८०० धरले. २५ लाख २० हजार.

सब-रजिस्ट्रार कचेरीचा गाईडलाईन व्हॅल्यू, म्हणजे सरकारी दरही काढून ठेवा, कर्नाटक सरकारच्या 'कावेरी' साईटवर बघता येतो. तो बाजारभाव नव्हे, तळ आहे. त्याच्याखाली व्यवहार लिहिला तरी स्टँप ड्युटी त्या व्हॅल्यूवरच बसते, आणि १० टक्क्यांहून जास्त फरक पडला तर वरची रक्कम तुमचं उत्पन्न समजून इन्कम टॅक्सही लागू शकतो.

दुसरी ओळ बांधकामाची. पुढचा भाग २००५ चा, आरसीसी, ७५० फूट. आज असं साधं बांधायचं तर मला कंत्राटदारानं १९०० रुपये फूट सांगितले : सव्वाचौदा लाख. पण घर वीस वर्षांचं. आयुष्य साठ धरलं तर तिसरा हिस्सा गेला. राहिले साडेनऊ लाख. मालक इथं हमखास म्हणतो, "तेव्हा सळी कसली वापरलीय बघा!" सळी चांगली असेल, पण वीस वर्षं काही परत येत नाहीत.

बेरीज ३४ लाख ७० हजार. आता वजाबाकी, आणि खरी मेहनत इथेच.

घर पावसात बघा. मार्चमध्ये बेळगावातलं प्रत्येक घर चांगलं दिसतं. मी सासऱ्यांना नेलं; चाळीस वर्षं गवंडीकाम केलेला माणूस. त्यांनी खिशातनं रुपयाचं नाणं काढलं आणि भिंतीवर हळूहळू वाजवत फिरले. टक, टक, टक, आणि कॅलेंडरच्या बाजूला एकदम भद्द. कॅलेंडर बाजूला केलं तर मागं वीतभर जागेला नवा रंग, गिलावा आतून सुटलेला. "मामा, किती?" मी विचारलं. ते म्हणाले, "हे दिसतंय ते पाच हजार. वर टेरेसवर चल, पन्नास तिथं आहेत." पन्नास नव्हते, नव्वद निघाले; स्लॅबचं पाणी कोपऱ्यातनं मुरत होतं. मागच्या खोलीत पूर्वी यंत्रमाग होते. मागांच्या हादऱ्यांनी भिंतीला तिरक्या चिरा गेलेल्या आणि फरशी एका बाजूला बसलेली. त्याचे पाऊण लाख. वायरिंगचे पंच्याऐंशी हजार. सगळं मिळून साधारण अडीच लाख.

वडगाव-शहापूरकडं काळी माती आहे, पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. म्हणून चीर दिसली की रंगाखालची आहे की पायातली, हे जाणत्या माणसाला विचारा. बळ्ळारी नाल्याच्या बाजूला घर असेल तर २०१९ च्या ऑगस्टात पाणी कुठवर आलं होतं ते समोरच्या म्हातारीला विचारा, मालकाला नको.

म्हणजे घराची किंमत माझ्या कागदावर ३२ लाख २० हजार. भाड्यानं पडताळून पाहिलं : त्या गल्लीत असं घर महिन्याला आठ हजारांना जातं, वर्षाला ९६ हजार, म्हणजे तीन टक्के. चाळीसवर तेच अडीचसुद्धा भरत नाही.

एक गोष्ट कागदावर आकड्यानं लिहिता येत नाही, ती म्हणजे सह्या. खासबागेतल्या आधीच्या एका घरात माझे ५१ हजार संचकाराचे, म्हणजे बयाण्याचे, अडकले. भाऊ तिघे तयार, गडहिंग्लजला दिलेल्या बहिणीची सही नाही. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित घरात मुलीचा हक्क मुलाइतकाच, पण "ती काय मागणार नाही हो," असं भाऊ बिनधास्त सांगतात. अशा घराला लोक स्वस्त म्हणून दोन लाख कमी करून मागतात. माझं मत, तिथं आकडाच बोलू नये. सगळे वारस एका सतरंजीवर बसले की मग बोला. तीस वर्षांचं ईसी (घरावर बोजा आहे का ते दाखवणारा दाखला), सीटीएस उतारा, ई-खातं (पालिकेतली मालकीची नोंद) हे त्याआधी. कागद सगळे कन्नडात. मला बाजारातलं कन्नड येतंय, पण कचेरीतलं वेगळंच असतं, म्हणून ऑफिसातल्या मित्राकडनं ओळ न् ओळ वाचून घेतलं.

आता खिसा. शहरात स्टँप ड्युटी ५ टक्के, त्यावर सेस-सरचार्ज धरून ५.६, रजिस्ट्रेशन फी ३१ ऑगस्ट २०२५ पासून १ ची २ टक्के झाली. एकूण ७.६. रिझर्व्ह बँकेच्या नियमानं ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला जास्तीत जास्त ९० टक्के मिळू शकतात, पण ते बँकेच्या व्हॅल्युअरच्या आकड्यावर, आणि स्टँप-रजिस्ट्रेशन त्यात धरत नाहीत. मला ८० टक्केच मंजूर झाले. व्हॅल्युअरनं ३१ लाख लावले, हातात २४ लाख ८० हजार. बाकी सगळं आपलं. हा हिशेब मांडूनच मी वरची हद्द ठरवली : ३३ लाख. कामावर सायकलनं जाता येतं म्हणून ऐंशी हजार जास्त, त्याहून एक रुपया नाही. आकडा चिठ्ठीवर लिहून शर्टाच्या खिशात ठेवला. बायकोलाही दाखवला, कारण रंगात आलो की मी घसरतो.

पहिला आकडा हद्दीच्या सहा-सात टक्के खाली द्या, आणि कारणासकट द्या. मी ३० लाख ७५ हजार म्हणालो. जागेच्या दराचा हिशेब दाखवला नाही, त्यावर वाद घालत बसतात. दुरुस्तीचा कागद मात्र समोर ठेवला, ओळी वाचून दाखवल्या. भद्द वाजलेल्या भिंतीशी कोण वाद घालणार?

मालक "एवढ्यात नाही जमत" म्हणून उठले. मी फोन केला नाही. हेस्कॉमचं विजेचं बिल मी आधीच बघून ठेवलं होतं, मिनिममच्या आसपास. घर बंद पडून होतं, कुटुंब पुण्याला. बंद घराचा मालक दर महिन्याला थोडा थोडा खाली येतो. दिवाळीत अडतीस झाले, मग पस्तीस, त्यातले "सहा लाख हातात द्या." मी नाही म्हटलं. जागेच्या व्यवहारात २० हजार किंवा त्याहून जास्त रोख घेतली तर घेणाऱ्याला तेवढाच दंड बसू शकतो, हे ऐकून ते गप्प झाले. रोख बंद झाली तशी किंमतही जमिनीवर आली.

मार्गशीर्षात शेवटची बैठक. मी बत्तीसवर, ते तेहतीसवर. चहा दोनदा झाला. मालकांचे थोरले भाऊ म्हणाले, "चला, ३२ लाख ७५ हजार करा, बोअरची मोटार तुम्हालाच सोडतो." खिशातली चिठ्ठी तेहतीसची होती, मी हो म्हटलं.

मोटार मार्चमध्ये जळाली.