बर्ड फ्लूचा संशय आला तर: पोल्ट्रीधारकाची आगाऊ तयारी

नांदूरमध्यमेश्वरच्या पाणथळीवर हिवाळ्यात स्थलांतरित पक्षी उतरतात आणि निफाड, सिन्नरकडचे पोल्ट्री शेड तेथून फार लांब नाहीत. त्यामुळे पावसाळा सरताच शेडच्या जाळ्या तपासून फाटक्या जागा बुजवाव्यात, आणि कालव्याचे किंवा शेततळ्याचे पाणी कोंबड्यांना देत असल्यास ते क्लोरीनने निर्जंतुक करण्याची सोय लावावी.

मरतुकीची वही रोज भरलेली असावी. नेहमीची मर किती, हे ठाऊक नसेल तर वाढलेली मर कळणार कशी? अचानक मोठी मर, सुजलेला निळसर तुरा, पायांवर रक्ताळलेले डाग, एकाएकी घटलेली अंडी ही लक्षणे राणीखेत या कोंबड्यांच्या दुसऱ्या रोगातही बरीचशी दिसतात, म्हणून स्वतः निदान करू नये आणि मेलेली कोंबडी शेडवर कापून पाहू नये. जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्याचा क्रमांक आणि १९६२ ही हेल्पलाइन फाटकावरच लिहून ठेवावी; २००९ च्या केंद्रीय कायद्यानुसार संशयित रोगाची खबर देणे बंधनकारक आहे.

नमुने भोपाळच्या प्रयोगशाळेत तपासले जाऊन अहवाल येईपर्यंतचा काळ सर्वांत अवघड असतो. या काळात फाटक बंद ठेवून पक्षी, अंडी, तूस, खाद्याची पोती यांपैकी काहीही बाहेर जाऊ देऊ नये. अशा वेळी पडत्या भावात माल उचलणारा व्यापारी हमखास उगवतो. त्याला दिलेला प्रत्येक पिंजरा रोग पुढच्या गावात नेऊ शकतो. शिवाय सरकारकडून मिळणारी भरपाई ही रोग रोखण्यासाठी सरकारी पथकाने नष्ट केलेल्या पक्ष्यांसाठी असते, आधीच मेलेल्यांसाठी नाही, त्यामुळे उशिरा कळवण्यात पोल्ट्रीधारकाचेच नुकसान आहे. करारावर पक्षी सांभाळत असल्यास भरपाई कोणाला मिळणार, हे कंपनीशी आधीच लेखी ठरवावे. कंपनीचा सुपरवायझर एका शेडमधून दुसऱ्यात जातो, त्यालाही थांबवावे लागेल.

रोग निश्चित झाल्यास १ किलोमीटरपर्यंत बाधित आणि त्यापुढे १० किलोमीटरपर्यंत सर्वेक्षण क्षेत्र जाहीर होते. नष्ट केलेले पक्षी पुरण्याच्या खड्ड्यासाठी विहीर व ओढ्यापासून दूरची, जेसीबी पोहोचेल अशी जागा आताच हेरून ठेवावी. चुना, सोडियम हायपोक्लोराइट, मास्क, चष्मे, हातमोजे व गमबूट एका खोलीत ठेवून किल्ली कोणाकडे आहे हे मजुरांना सांगावे. त्यांच्यापैकी कोणाला ताप किंवा खोकला आल्यास, कोंबड्यांशी संपर्क आला होता हे डॉक्टरांना आवर्जून सांगायला लावावे.