ओरिएंटेशनच्या आधी दाखल्याच्या झेरॉक्स काढ

सोमवारपासून तुझं कॉलेजचं ओरिएंटेशन, आणि काय काय न्यायचं म्हणून तू काल विचारलंस. बाकी काही वाचलं नाहीस तरी चालेल, पण आधी बारावीच्या कॉलेजातून आणलेल्या शाळा सोडल्याच्या दाखल्याच्या पाच झेरॉक्स काढ. एक नको, दोन नको, पाच. दोन्ही बाजूंच्या, कारण मागे शेरे असतात.

पेन, डबा, छत्री याबद्दल मी बोलत नाही. फोटो मात्र सहा ठेव आणि मागे नाव लिही. ओळखपत्र, लायब्ररी, हे, ते, प्रत्येक जण एक मागतो.

कागद प्लास्टिकच्या फाईलमध्ये. मूळ कागद लॅमिनेट करू नकोस. मार्कशीट मूळ आणि झेरॉक्स दोन्ही, जातीचा दाखला, त्याची व्हॅलिडिटी (जात पडताळणीचं प्रमाणपत्र), नॉन-क्रीमीलेअर जे लागू असेल ते. मार्कशीट बघून परत देतात. शाळा सोडल्याचा दाखला परत देत नाहीत, ठेवून घेतात. म्हणून झेरॉक्स.

माझं काय झालं ते ऐक. पहिल्या दिवशी खिडकीवरच्या बाईंनी दाखला मागितला. मागे चाळीस जण, बाहेर धो धो पाऊस. मी दिला, पोचही मागितली नाही. तिसऱ्या दिवशी रेल्वे कन्सेशनचा फॉर्म घ्यायला गेलो. जन्मतारखेचा पुरावा हवा. आधार पुढे केलं, तर त्यावर नुसतं जन्मवर्ष, जुन्या कार्डावर असायचं तसं. "मग दाखला आणा." म्हटलं, दाखला तुमच्याकडेच जमा केलाय. "मग त्याची झेरॉक्स आणा." ती कुठून आणू? दाखल्यांचा गठ्ठा तोवर वरच्या मजल्यावरच्या कपाटात गेला होता आणि किल्ली ज्यांच्याकडे होती ते रजेवर. फोनमध्ये एक फोटो सापडला. जन्मतारीख अक्षरी लिहिलेली ओळ नेमकी माझ्या अंगठ्याखाली. तीन आठवडे रोज तिकिटाच्या रांगेत उभा राहिलो. महाडीबीटी या सरकारी पोर्टलवरच्या शिष्यवृत्तीलाही दाखला स्कॅन करून चढवावा लागतो, तेव्हा तोच तमाशा पुन्हा. हसतोयस ना? झेरॉक्स काढ.

स्कॅन पण कर, अंगठा न घालता, आणि स्वतःलाच मेल करून ठेव. मूळ दाखला दिलास की पोच माग. "लागत नाही" म्हणतील, तरी माग.

आधारवर पूर्ण जन्मतारीख आहे का आणि नाव मार्कशीटसारखंच आहे का, तेही आजच बघ. आडनाव पुढे-मागे झालं की एबीसी (अ‍ॅकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स) आयडी काढताना अडतं. हा बारा आकडी असतो, पुढची चार वर्षं विषय पास झाल्यावर मिळणारी क्रेडिट त्यात जमा होतात. डिजिलॉकरमधून घरी बसून काढ, कॉलेजच्या वायफायच्या भरवशावर राहू नकोस. रॅगिंगविरोधी हमीपत्रही ऑनलाईन भरायचंय, तुझं आणि आई-बाबांचं दोन्ही. त्याचा नोंदणी क्रमांक मेलवर येतो, म्हणून रोज उघडतोस तोच मेल दे. आणि खरंच कुणी त्रास दिला तर १८००-१८०-५५२२. नंबर आत्ताच सेव्ह कर, हा विषय मस्करीचा नाही.

गाडी. ठाण्याला नऊ-दहा नंबरवर जा आणि वर लिहिलेलं वाच. तुला नेरूळला जायचंय, म्हणजे पनवेल किंवा नेरूळ लोकल. वाशी लोकल तुर्भ्यानंतर वेगळी वळते. मी पहिल्याच दिवशी कानात गाणी घालून त्यात बसलो आणि सानपाडा आल्यावर भानावर आलो. तिथे उतरून हार्बरची पनवेल गाडी मिळते, पण प्राचार्यांचं भाषण निम्मं चुकलं. (फार काही चुकलं नाही.) कन्सेशन घराजवळच्या स्टेशनपासून कॉलेजच्या स्टेशनपर्यंतच मिळतं, तेव्हा पत्ता नीट लिही. आणि जन्मतारखेच्या पुराव्याला काय जोडायचं, ते आता सांगायला नको.

हॉलमध्ये एसी मरणाचा असतो, पावसात भिजून गेलास तर कुडकुडशील. शर्ट जास्तीचा ने. इंजिनीअरिंगला हा ओरिएंटेशनचा कार्यक्रम एआयसीटीईच्या (तंत्रशिक्षणाच्या केंद्रीय परिषदेच्या) कागदावर तीन आठवड्यांचा आहे, आमच्याकडे एका आठवड्यात आटोपला. "स्वतःबद्दल सांगा" येतंच. दोन वाक्यं ठरवून जा, मराठीत बोललास तरी कुणी खात नाही. शेजारी बसलेल्याचा नंबर घे. पुढे सबमिशनला तोच उपयोगी पडतो.

कमिट्यांचे स्टॉल लागतील. सगळीकडे नाव देऊ नकोस. एनएसएसला (राष्ट्रीय सेवा योजनेला) दोन वर्षांत २४० तास भरायचे असतात आणि सात दिवसांचं शिबिर, जमणार असेल तरच. हजेरी पहिल्या दिवसापासून. लॅब कोट सिनिअरकडून जुना मिळतो. टाइमटेबल दोनदा बदलेल. कँटीनचं तुझं तू बघ.

बाकी सुचलं तर फोन करतो. कोपऱ्यावरचं झेरॉक्सवाल्याचं दुकान रविवारी बंद असतं, म्हणजे तुझ्याकडे फक्त उद्याचा दिवस आहे.