पोलंडमध्ये 'पान' आणि 'पानी' कसं वापरायचं

पोलंडला शिकायला किंवा नोकरीला जाताय ना, मग बाकी व्याकरण मागाहून आलं तरी चालेल पण हे दोन शब्द आधी पक्के करा. समोरच्याला मान देऊन बोलताना पुरुषाला पान, बाईला पानी, पुरुष-बायका एकत्र असतील तर पाइन्स्त्फो. दुकानदार, बसमधला चेकर, घरमालक, जिन्यात भेटणारे आजोबा, कोणीही अनोळखी मोठं माणूस असलं की हेच.

मुळात ही सरदारकीची पदवी. जुन्या पोलंडात क्राकूव शहराचा किल्लेदार सिनेटमधल्या, म्हणजे राज्याच्या वरच्या सभेतल्या, बिगर-धर्मगुरू लोकांत पहिल्या मानाचा, त्याला 'पान क्राकोव्स्की' म्हणायचे. मग श्लाख्ता म्हणजे तिथला उमराव वर्ग, त्यात कोणाकडे गावंच्या गावं तर कोणाकडे जमिनीचा एक तुकडा, पण कायद्याने सगळे सारखे म्हणून एकमेकांना 'पान्ये ब्राच्ये', म्हणजे पान आणि भाऊ दोन्ही एकदम. तिथून शब्द शहरातल्या लोकांत उतरला आणि होता होता सगळ्यांचाच झाला. कम्युनिस्ट राजवटीत सरकारी ठिकाणी कॉम्रेड नाहीतर नागरिक म्हणायची पद्धत आणली, तरी रोजच्या बोलण्यातून पान काही गेला नाही, आणि मला तरी याचं फार कौतुक वाटतं. देवालाही ते 'पान बूग'च म्हणतात.

आता खरी गोम क्रियापदात आहे. आपण समोरच्यालाच विचारतो ना, "साहेब चहा घेणार का?", तसंच तिथे, 'चि पान मूवि पो आंगेल्स्कु?' म्हणजे इंग्रजी येतं का. मूवि हे 'तो बोलतो'चं रूप आहे, तिथे 'तू'वालं मूविश लावलं की सगळा मान गेलाच समजा.

हाक मारताना पान चं पान्ये होतं. सरांना 'पान्ये प्रोफेसोझे', डॉक्टरीणबाईंना 'पानी दोक्तोर', ऑफिसात मारेक नावाचा कोणी असेल तर 'पान्ये मार्कु'. नुसतं आडनाव लावून 'पान्ये कोवाल्स्की' म्हणू नका, दरडावल्यासारखं वाटतं. ईमेलची सुरुवात 'शानोव्नि पान्ये' किंवा 'शानोव्ना पानी' अशी करायची, आणि त्यात पान-पानी चं पहिलं अक्षर कॅपिटल ठेवायचं, मधे कुठेही आलं तरी.

'ति' म्हणजे तू वर यायचं ते वयाने मोठं माणूस किंवा बाई सुचवेल तेव्हाच, आपण घाई करायची नाही. ते हात पुढे करून फक्त पहिलं नाव सांगतात, तुम्हीही तुमचं सांगा, झालं. त्यानंतर मात्र परत पान म्हणू नका, काहीतरी बिनसलंय असं वाटतं त्यांना.