फिजिओथेरपीच्या वर्गातले संशोधन: शिकवण्याची पद्धत तपासून कशी पाहावी

फिजिओथेरपीच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमात प्रबंधाचा विषय ठरवायची वेळ आली की बहुतेकांची नजर रुग्णांकडे जाते: गुडघेदुखी, मानदुखी, पक्षाघातानंतरचे चालणे. आपल्याच महाविद्यालयात दर वर्षी एक संपूर्ण बॅच सांधा मोजायला, स्नायूची ताकद तपासायला आणि रुग्णाशी बोलायला शिकत असते. ती नेमकी कशाने शिकते, हा प्रश्न मात्र संशोधनाचा म्हणून क्वचितच कोणी हाती घेतो, आणि जे घेतात त्यांतले पुष्कळ जण एक फीडबॅक फॉर्म वाटून मोकळे होतात. ज्या तरुण शिक्षकांना आणि पदव्युत्तर विद्यार्थ्यांना आपल्या बॅचवर लहान पण विश्वासार्ह अभ्यास करायचा आहे, त्यांच्यासाठी ही माहिती लिहीत आहे.

फीडबॅक फॉर्मची चूक मीही केलेली आहे. स्नायूंच्या ताकदीच्या चाचणीवर मी एकदा मोठ्या हौसेने व्हिडिओ तयार केला, वर्गाला दाखवला आणि पाच पर्यायांचा फॉर्म भरून घेतला. जवळजवळ सगळ्यांनी ‘अत्यंत उपयुक्त’ अशी खूण केली. पुढच्या प्रॅक्टिकल परीक्षेत त्याच मुलांपैकी एकाला ग्रेड २ (गुरुत्वाकर्षणाचा भार काढल्यावरच सांधा पूर्ण हलवता येईल एवढी स्नायूची ताकद) याची व्याख्या विचारली, तेव्हा त्याने ती खडाखडा म्हणून दाखवली; पण मांडीच्या पुढच्या स्नायूची ग्रेड २ प्रत्यक्ष तपासताना गुरुत्वाकर्षणाचा भार काढण्यासाठी रुग्णाला कुशीवर वळवायचे असते, हे त्याच्या हातांना ठाऊकच नव्हते. रुग्ण पाठीवरच राहिला. व्हिडिओ मुलांना आवडला होता, इतकेच माझ्या फॉर्मने सिद्ध केले होते.

हा फरक ओळखण्यासाठी दोन जुन्या चौकटी उपयोगी पडतात. डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ मध्ये प्रशिक्षणाच्या मूल्यमापनाच्या चार पायऱ्या मांडल्या: शिकणाऱ्याला काय वाटले, तो काय शिकला, त्याचे वागणे बदलले का आणि त्याचा शेवटी परिणाम काय झाला. जॉर्ज मिलर यांनी १९९० मध्ये वैद्यकीय शिक्षणासाठी पिरॅमिड मांडला, त्यात ‘माहीत आहे’, ‘कसे करायचे ते माहीत आहे’, ‘करून दाखवतो’ आणि ‘रोजच्या कामात करतो’ असे चढत जाणारे चार स्तर आहेत. फीडबॅक फॉर्म कर्कपॅट्रिक यांच्या पहिल्याच पायरीवर थांबतो आणि बहुपर्यायी प्रश्नपत्रिका मिलर यांच्या खालच्या दोन स्तरांपलीकडे सहसा जात नाही. फिजिओथेरपी हे हातांचे शास्त्र असल्यामुळे आपला अभ्यास निदान ‘करून दाखवतो’ या स्तरापर्यंत पोहोचला पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

पहिले काम म्हणजे प्रश्न अरुंद करणे. ‘व्हिडिओ उपयुक्त आहे का’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हे, कारण कोणाला, कशासाठी, कशाच्या तुलनेत आणि किती दिवसांनी, यांपैकी काहीच त्यात नाही. त्याऐवजी असे लिहावे: दुसऱ्या वर्षाच्या विद्यार्थ्यांना गोनिओमीटरने (सांध्याचा कोन मोजण्याचे दोन भुजांचे साधन) गुडघ्याचा कोन मोजायला शिकवताना प्रात्यक्षिकाआधी दहा मिनिटांचा व्हिडिओ दाखवला, तर चार आठवड्यांनंतर त्यांच्या मोजमापातली चूक केवळ प्रात्यक्षिक पाहिलेल्यांच्या चुकीपेक्षा कमी असते का? हे वाक्य सिनॉप्सिसच्या, म्हणजे प्रबंधाच्या आराखड्याच्या, पहिल्या पानावर आले की पुढचे अर्धे निर्णय आपोआप होतात.

आता मोजमापाकडे वळू. बहुतेक अभ्यास इथेच ढासळतात. विद्यार्थ्याची चूक मोजायची तर खरा कोन आधी माहीत हवा. वर्गमित्राला ‘गुडघा वाकव’ म्हणून तीस जणांकडून एकामागून एक मोजून घेतले, तर दहाव्या मोजणीपर्यंत त्याचा गुडघा सैल झालेला असतो आणि विसाव्यापर्यंत तो कंटाळलेला असतो. म्हणजे विद्यार्थी बदलतो तसा कोनही बदलतो. यावर सोपा उपाय आहे. वर्गमित्राला पाठीवर झोपवून गुडघ्याखाली घट्ट फोमची उशी ठेवावी, पाऊल पट्ट्याने पलंगाला बांधावे आणि कोन स्थिर करावा. दोन अनुभवी शिक्षकांनी एकमेकांचे आकडे न पाहता तो कोन प्रत्येकी तीनदा मोजावा, त्यांची सरासरी संदर्भ म्हणून धरावी आणि सत्राच्या मध्ये व शेवटी कोन सरकलेला नाही, याची पुन्हा खात्री करावी. विद्यार्थ्याचा आकडा आणि हा संदर्भ यांतला अंशांमधला फरक, वजा-अधिक चिन्ह सोडून, हा आपला मुख्य निष्कर्षांक.

पण केवळ आकडा पुरेसा नाही, कारण चुकीच्या पद्धतीनेही कधीकधी बरोबर उत्तर येते. म्हणून शेजारी एक तपासयादी ठेवावी. गोनिओमीटरची आस लॅटरल एपिकॉन्डाइलवर (गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचा हाडाचा उंचवटा) आहे का, स्थिर भुजा ग्रेटर ट्रोकँटरच्या (मांडीच्या वरच्या टोकाचा बाहेरचा उंचवटा) रेषेत आहे का, हलती भुजा लॅटरल मॅलिओलसकडे (घोट्याचे बाहेरचे हाड) आहे का, विद्यार्थ्याने या खुणा बोटांनी चाचपल्या की नजरेनेच अंदाज बांधला, आकडा वाचताना डोळे गोनिओमीटरच्या पातळीवर आणले का, आणि मोजण्याआधी रुग्णाला काय करणार ते सांगितले का. सलवारीवरून किंवा साडीवरून ट्रोकँटर शोधणाऱ्या विद्यार्थ्याची भुजा मांडीच्या मधोमध कुठेतरी टेकते. कपडा कसा सावरायचा, परवानगी कशी मागायची आणि पडदा केव्हा ओढायचा, हाही मोजण्याच्या कौशल्याचाच भाग आहे आणि तो यादीत हवा. सूचनांची भाषासुद्धा ऐकावी. जिल्हा रुग्णालयातल्या आजीबाईंना ‘नी फ्लेक्स करा’ असे सांगणारा विद्यार्थी तपासयादीत गुण गमावतो, आणि तो गमावलाच पाहिजे.

अशा तपासयाद्यांची परंपरा आपल्याला परकी नाही. रोनाल्ड हार्डन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७५ मध्ये स्कॉटलंडमधल्या डंडी इथून ऑस्की ही परीक्षापद्धती मांडली, ज्यात प्रत्येक विद्यार्थी ठरावीक वेळाने एका स्टेशनवरून दुसऱ्या स्टेशनवर जातो आणि प्रत्येक ठिकाणी तीच यादी सर्वांना लावली जाते. आपला अभ्यास म्हणजे एका स्टेशनची ऑस्कीच. यादी तयार झाली की ती आधी पाच-सहा इंटर्नवर चालवून पाहावी आणि दोन परीक्षकांचे गुण जुळतात का ते तपासावे. होय-नाही स्वरूपाच्या मुद्द्यांसाठी कोहेनचा कॅप्पा काढावा आणि एकूण गुणांसाठी आयसीसी; दोन्ही परीक्षकांमधली सहमती मोजणारे आकडे आहेत. आयसीसी ०.७५ ते ०.९ च्या दरम्यान आला तर सहमती चांगली मानतात, ०.५ च्या खाली आला तर यादीच पुन्हा लिहावी लागते. बहुधा दोष ‘योग्य स्थिती’ यासारख्या मोघम शब्दांत असतो. ‘घोटा पलंगाच्या कडेबाहेर’ असे लिहिले की भांडण मिटते.

पुढचा प्रश्न विद्यार्थिसंख्येचा. साठ जणांची बॅच चिठ्ठ्या टाकून तीस-तीसमध्ये विभागली की नमुना मोठा झाला, असे वाटते. पण दोन गटांमधला अर्ध्या प्रमाण विचलनाइतका (प्रमाण विचलन म्हणजे आकड्यांच्या पसाऱ्याचे माप) मध्यम फरक ८० टक्के शक्यतेने पकडायचा असेल, तर ५ टक्क्यांच्या सार्थकता पातळीवर प्रत्येक गटात सुमारे ६४ जण लागतात, ०.८ इतका मोठा फरक असेल तरच २६ पुरतात. म्हणजे एका बॅचवर केलेला साधा दोन गटांचा अभ्यास फक्त मोठे फरक पाहू शकतो, आणि शिकवण्याच्या दोन बऱ्या पद्धतींमधला फरक सहसा मोठा नसतो.

त्यात भर पडते व्हॉट्सअॅपची. पहिल्या गटाला सकाळी दाखवलेला व्हिडिओ दुपारच्या जेवणापर्यंत हॉस्टेलच्या ग्रुपवर फिरत असतो, आणि मग तुलना कसली करायची? या दोन्ही अडचणींवर मला अदलाबदलीची रचना सर्वांत व्यवहार्य वाटते. पहिल्या गटाने गुडघा व्हिडिओसह शिकायचा आणि खांदा केवळ प्रात्यक्षिकाने; दुसऱ्या गटाने नेमके उलट. त्यामुळे प्रत्येक विद्यार्थ्याची तुलना त्याच्या स्वतःशीच होते, कमी संख्येत जास्त हाती लागते आणि कोणीही चांगल्या पद्धतीपासून वंचित राहत नाही. व्हिडिओ पुढे जाऊ नये म्हणून तो संगणक कक्षात दाखवावा, पाठवू नये. आणि अभ्यास संपल्यावर ‘तुम्ही दुसऱ्या गटाचे साहित्य पाहिले होते का’ असे निनावी विचारावे. उत्तर ‘हो’ आले तर ते लपवू नये.

चिठ्ठ्या खरोखर टाकाव्यात. रोल नंबर १ ते ३० एका गटात आणि उरलेले दुसऱ्यात, ही वाटणी यादृच्छिक नव्हे; ज्या महाविद्यालयात रोल नंबर प्रवेशाच्या गुणांनुसार पडतात तिथे ती थेट हुशारीची वाटणी ठरते. परीक्षकाला गट कळू नये यासाठी चित्रीकरण करावे. कॅमेरा पलंगाच्या बाजूला तिकाटण्यावर ठेवावा, चौकटीत विद्यार्थ्याचे हात आणि रुग्णाचा पाय एवढेच यावे, आणि सर्व चित्रफिती एकत्र मिसळून बाहेरच्या शिक्षकाकडे तपासायला द्याव्यात.

नीतिमत्तेच्या बाजूने आपले संशोधन निरुपद्रवी दिसते, आणि म्हणूनच इथे दुर्लक्ष होते. आयसीएमआरची (भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद) २०१७ ची मार्गदर्शक तत्त्वे शिक्षणपद्धतींच्या तुलनेला काही वेळा समितीच्या पुनरावलोकनातून सूट देतात. पण ही सूट आहे की नाही हे आचारनीती समितीने ठरवायचे असते, संशोधकाने नव्हे. त्याच तत्त्वांमध्ये उतरंडीत खालच्या जागी असलेल्या विद्यार्थ्यांना विशेष संरक्षण देण्याची गरज असलेल्या घटकांत धरले आहे. जी मॅडम व्हायवा घेणार आहेत त्यांनीच संमतीपत्र समोर ठेवले, तर ‘नाही’ म्हणणारा विद्यार्थी विरळाच. म्हणून संमती अशा व्यक्तीने घ्यावी जिच्या हातात त्या बॅचचे अंतर्गत गुण नाहीत, सहभाग न घेणाऱ्यालाही तेच शिक्षण मिळेल असे लेखी द्यावे आणि अभ्यासाचे गुण निकालपत्रात कुठेही जाणार नाहीत याची व्यवस्था करावी. गुडघा देणाऱ्या वर्गमित्राची संमतीही वेगळी घ्यावी. तो सहभागी आहे, साहित्य नव्हे.

वेळापत्रक आखताना प्रिलिम आणि जर्नल सबमिशनचे दिवस टाळावेत. शिकवल्यावर लगेच घेतलेली चाचणी बहुतेक वेळा कालच्या स्मरणाची परीक्षा असते, म्हणून चार ते सहा आठवड्यांनंतरची दुसरी चाचणीच मुख्य मानावी. पूर्वचाचणी शक्य असल्यास टाळावी, कारण तीही काही शिकवून जाते आणि यादृच्छिक वाटणी नीट केली असेल तर तिची फारशी गरज राहत नाही.

विश्लेषण आधी लिहून ठेवावे, आकडे आल्यावर नव्हे. केवळ पी-मूल्य (फरक योगायोगाने आला असण्याची शक्यता तपासणारा आकडा) देऊ नये. सरासरी फरक अंशांत आणि त्याचा ९५ टक्के विश्वास अंतराल (खरा फरक ज्या पल्ल्यात असावा तो पल्ला) द्यावा. दोन पद्धतींत दीड अंशाचा फरक सांख्यिकीदृष्ट्या सार्थ आला, तरी गोनिओमीटरच्या वाचनात पाचेक अंशांची तफावत एरवीही नेहमी दिसते, हे लक्षात घेता तो फरक वॉर्डात कोणाच्याही कामाचा नाही, असे स्पष्ट लिहायला हवे.

काही वेळा नवी पद्धत सरस आहे हे दाखवायचे नसते, ती कमी पडत नाही एवढेच दाखवायचे असते. याचे उत्तम उदाहरण ऑस्ट्रेलियातले आहे. तिथे क्लिनिकल पोस्टिंगच्या, म्हणजे रुग्णांसोबत प्रत्यक्ष शिकण्याच्या, जागा अपुऱ्या पडत होत्या. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दोन समांतर यादृच्छिक चाचण्यांमध्ये एकूण ३७० फिजिओथेरपी विद्यार्थ्यांपैकी एका गटाच्या चार आठवड्यांच्या पोस्टिंगमधला एका आठवड्याइतका वेळ रुग्णाची भूमिका करणाऱ्या प्रशिक्षित कलाकारांसोबतच्या सिम्युलेशनला दिला गेला, आणि अशा विद्यार्थ्यांची क्षमता पूर्ण काळ वॉर्डात राहिलेल्यांपेक्षा कमी ठरली नाही. मोजमापासाठी तिथे एपीपी (असेसमेंट ऑफ फिजिओथेरपी प्रॅक्टिस) हे साधन वापरले होते. त्यात वीस मुद्दे असतात, प्रत्येकाला शून्य ते चार गुण दिले जातात, आणि एरवी ते एका परीक्षेवर नव्हे तर संपूर्ण पोस्टिंगमधल्या वागण्यावर दिले जातात. म्हणजे मिलर यांच्या सर्वांत वरच्या स्तराला हात घातला जातो; या चाचण्यांत मात्र परीक्षकांनी ते क्लिनिकल परीक्षांमध्ये दिले. आपल्याकडे असा अभ्यास करायचा असेल तर ‘किती कमी म्हणजे कमी’ ही मर्यादा आधी ठरवून सिनॉप्सिसमध्ये लिहावी लागेल. ‘फरक सापडला नाही, म्हणून दोन्ही समान’ हा निष्कर्ष लहान नमुन्यातून काढता येत नाही. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेला परीक्षक बहुधा इथेच बोट ठेवतो.

लेखन करताना काय शिकवले याचे वर्णन सर्वांत सविस्तर असावे: व्हिडिओ किती मिनिटांचा, कोणत्या भाषेत, प्रात्यक्षिकात एका शिक्षकामागे किती विद्यार्थी, प्रत्येकाला सरावाच्या किती फेऱ्या. प्रत्यक्षात ‘पारंपरिक पद्धत’ या दोन शब्दांवर अख्खा तुलना गट उरकलेला असतो, आणि मग वाचणाऱ्याला कळत नाही की तिथे एका पलंगाभोवती वीस मुले टाचा उंचावून उभी होती की चार जणांच्या हाती गोनिओमीटर होता. ज्यांनी चाचणी अर्ध्यावर सोडली त्यांची संख्या आणि कारणे द्यावीत. तपासयादी परिशिष्टात पूर्ण छापावी, म्हणजे दुसऱ्या महाविद्यालयातल्या शिक्षकाला ती आपल्या बॅचला लावता येईल. आणि निकाल हाती आल्यावर तो प्रथम त्याच विद्यार्थ्यांना वर्गात दाखवावा, प्रत्येकाला त्याच्या हातांची चित्रफीत खासगीत पाहू द्यावी. ट्रोकँटर चुकल्याचे स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला विद्यार्थी पुढच्या वेळी बोटांनी चाचपल्याशिवाय भुजा टेकवत नाही.