करवंदं घालून अननसाचं कंपोट: घरच्या घरी, उन्हाशिवाय

मेच्या शेवटच्या आठवड्यात कोकणात फळं कमी पडत नाहीत, खाणारी माणसं कमी पडतात. चाकरमानी मुंबईला परतलेले असतात आणि पडवीत अननस, करवंदं, जांभळं, फणस एकाच वेळी पिकून बसलेले असतात. आंबापोळी-फणसपोळी घालावी तर आभाळ भरून आलेलं. मोरांब्याला साखर किलोच्या हिशेबात लागते. अशा वेळी फळांचं कंपोट करून बघा. प्रकार मूळचा फ्रेंच, पण करायला आपल्या साखरभातापेक्षा सोपा: साखरेच्या पातळ पाकात फळाच्या फोडी थोडा वेळच शिजवायच्या. ना जॅमसारखा लगदा, ना मोरांब्यासारखा घट्ट पाक. फोड फोडच राहिली पाहिजे, हीच काय ती अट.

सुरुवात अननसाने करावी, कारण तो शिजताना मोडत नाही. एक मध्यम अननस (साफ करून साधारण अर्धा किलो फोडी), वाटीभर करवंदं, सव्वाशे ग्रॅम साखर, वाटीभर पाणी, दालचिनीचा बोटाच्या पेराएवढा तुकडा, दोन लवंगा आणि एक आमसूल. अननस फार गोड असेल तर साखर शंभर ग्रॅमवर आणा. आमसुलाला मिठाचा हात लागलेला असतो, म्हणून वेगळं मीठ नको. आमसुलाऐवजी आगळ घालायचा मोह होईल, पण तो टाळा. आगळ सोलकढीसाठी खारट केलेलं असतं, त्याने सगळं पातेलं बिघडेल. घरात अमृत कोकम असेल तर दोन चमचे चालेल, मात्र तेवढी साखर कमी करा.

करवंदं निवडायला थोडा वेळ द्या. बहुतेक काळीभोर पिकलेली घ्या, पण मूठभर लालसर, अर्धवट पिकलेलीही त्यात असू द्या. त्यांचा आंबटपणा तर येतोच, शिवाय कमी पिकलेल्या करवंदात पेक्टिन जास्त असतं आणि पाकाला आपोआप दाटपणा येतो. अडचण एकच, चीक. देठ खुडला की पांढरा थेंब बाहेर येतो आणि बोटं चिकट होतात. हाताला आधी खोबरेल तेल लावा, देठ काढलेली करवंदं मिठाच्या पाण्यात पंधरा-वीस मिनिटं ठेवा आणि दोन पाण्यांनी धुऊन घ्या. मग प्रत्येकाला सुरीने एक चीर द्या. बिया काढायच्या की नाही हा ज्याच्या त्याच्या दातांचा प्रश्न. घरात लहान मुलं असतील तर काढा.

अननसाचे डोळे एकेक कोरत बसू नका. साल काढल्यावर नीट पाहिलंत तर ते तिरक्या ओळींत असतात. त्या ओळीच्या दोन्ही बाजूंनी सुरी तिरकी धरून खाच मारली की अख्खी ओळ एकदम सुटते आणि गर वाया जात नाही. मधला कडक दांडा काढा, पण टाकू नका. तो उभा चिरून पाकात उकळू द्या, फोडी शिजल्या की बाहेर काढा. चव त्यात भरपूर असते, फक्त तो चावत नाही. फोडी सुपारीएवढ्या ठेवा, त्याहून बारीक नकोत.

भांडं स्टीलचं घ्या. आंबट फळ ॲल्युमिनियमच्या किंवा कल्हई उडालेल्या पितळेच्या पातेल्यात शिजवू नये आणि लोखंडी कढईत तर रंगच काळपट होतो.

साखर, पाणी, दालचिनी, लवंगा, आमसूल आणि अननसाचा दांडा एकत्र उकळायला ठेवा. साखर विरघळून उकळी आली की दोन-तीन मिनिटं पुरे. लाडवाच्या सवयीने एकतारी पाक करायला जाल तर फसाल. घट्ट पाक फळातलं पाणी ओढून घेतो, फोडी आक्रसतात आणि चिवट होतात. उलट नुसत्या पाण्यात फळ आधी शिजवून मागाहून साखर घातली तर फोडी विरघळायला लागतात. म्हणून पाक आधी आणि पातळ.

आता अननसाच्या फोडी सोडा, गॅस मंद करा. आठ-दहा मिनिटं लागतील. डावाने ढवळू नका, पातेलं कडेने धरून हलकंसं गोल फिरवा. फोडीच्या कडा अर्धपारदर्शक दिसायला लागल्या आणि सुरीचं टोक सहज आत गेलं की करवंदं घाला. ती चार-पाच मिनिटांत मऊ होतात आणि पिवळा पाक बघता बघता गुलाबी, मग गडद लाल होतो. लगेच गॅस बंद. त्या क्षणी पाक पाणीदार वाटेल आणि आणखी आटवावासा वाटेल, पण हात आवरा. गार झाल्यावर तो दाटतो. खात्री हवी असेल तर चमचाभर पाक स्टीलच्या ताटलीवर घालून दोन मिनिटांनी ताटली वाकडी करून पाहा: पाक पाण्यासारखा पळत न जाता सावकाश ओघळला पाहिजे.

हीच रीत इतर फळांना थोड्या फरकाने चालते. बिया काढलेली जांभळं पाच मिनिटांत होतात. कापा फणस असेल तर गऱ्यांच्या लांब पट्ट्या कापा, सहा-सात मिनिटं शिजवा आणि दालचिनीऐवजी जायफळ किसून घाला. बरका मात्र सांदणासाठी ठेवा, पाकात तो विरघळून जातो. हापूस तर शिजवूच नये असं माझं ठाम मत आहे. फोडी बरणीत भरून वरून कढत पाक ओतायचा आणि झाकण लावायचं, बस. रायवळ आंब्याच्या वाटेला जाऊ नका, त्याच्या फोडीच पडत नाहीत. तो रायत्यातच शोभतो.

साठवणीत मात्र मोरांब्याचा हिशेब लावू नका. मोरांबा टिकतो तो साखरेच्या जोरावर. इथे साखर फळाच्या जेमतेम पावपट आहे. काचेची बरणी कढत पाण्याने धुऊन कोरडी करा, पूर्ण गार झालेलं कंपोट भरा आणि फ्रिजमध्ये पाच-सहा दिवसांत संपवा. पहिल्या पावसात वीज किती वेळ जाईल याचा आपल्याकडे नेम नसतो, तेव्हा एका वेळी एकाच अननसाचं करा. झाकण उघडताना फेस दिसला किंवा आंबूस वास आला तर चाखूनसुद्धा पाहू नका, फेकून द्या.

गरम घावण्यांबरोबर हे सुरेख लागतं, गार खरवसावरही. घट्ट दह्यात बिनधास्त मिसळा. कच्च्या अननसातल्या ब्रोमेलेन या विकरामुळे दही थोड्या वेळाने कडवट होतं, पण शिजल्यावर ते विकर निकामी होतं. पाक उरलाच तर त्यात थंड पाणी आणि चिमूटभर मीठ घालून सरबत करा. फक्त दालचिनी आणि लवंगा पहिल्याच दिवशी काढून टाका, नाहीतर तिसऱ्या दिवशी फळाऐवजी मसाल्याचीच चव लागेल.