योनाचं पुस्तक एका बैठकीत कसं वाचावं

योना हा बायबलमधला संदेष्टा. देव त्याला शत्रूच्या निनवे शहराला इशारा द्यायला पाठवतो, तो जहाजाने पळतो, वादळात समुद्रात टाकला जातो आणि मासा त्याला गिळून परत किनाऱ्यावर टाकतो. मग निनवे पश्चात्ताप करते, देव तिला माफ करतो आणि योना चिडतो. म्हणून योना म्हटलं की मासा आठवतो. पण ४ अध्याय आणि ४८ वचनांच्या या पुस्तकात मासा येतो तो जेमतेम तीन वचनांत. खरा पेच चौथ्या अध्यायात आहे, म्हणून अर्धा वेळ त्याच्यासाठी राखून ठेवा.

मोठ्याने वाचायला दहा-बारा मिनिटं पुरतात. आवाज वाटून घ्या: निवेदक, देव, योना, आणि खलाशी व राजा मिळून एक. पुण्यात गटात बेने इस्रायली (महाराष्ट्रातले मराठीभाषक ज्यू) आणि ख्रिस्ती दोघंही असतील तर वचनांचे आकडे आधी जुळवा. मराठी बायबलमधलं १:१७ हे हिब्रू प्रतीत २:१ असतं, त्यामुळे दुसऱ्या अध्यायात सगळे एकेक वचन पुढेमागे होतात. पेन्सिलीने खूण करून ठेवली की झालं.

सुरुवातीला बायबलच्या निर्गम पुस्तकातलं ३४:६-७ वाचा. देव दयाळू, मंदक्रोध आहे, हे तिथलं वर्णन योना ४:२ मध्ये जवळजवळ तसंच उच्चारतो, पण तक्रार म्हणून! निनवे हे अश्शूरचं शहर, आजच्या मोसुलजवळचं. याच अश्शूरने इ.स.पू. ७२२ च्या सुमारास उत्तरेचं इस्रायल राज्य बुडवलं. हे माहीत नसेल तर योनाचा राग पोरकट वाटतो.

पहिल्या अध्यायात परधर्मी खलाशांकडे बघा. योना स्वतःच ‘मला समुद्रात टाका’ म्हणतो, तरी ते आधी जिवाच्या आकांताने वल्ही मारतात. तिसरा अध्याय भरभर जाऊ द्या. तिथे निनवेच्या गुरांनाही उपास आणि गोणताट (शोकाचं जाडंभरडं कापड) आहे, तिथे मात्र थांबा. कारण शेवटच्या वचनात गुरं पुन्हा येतात.

चौथ्यात झुडूप, कीड, पूर्वेचा झळझळीत वारा, आणि मग देवाचा प्रश्न: उजवं-डावं न कळणारी १,२०,००० हून अधिक माणसं आणि पुष्कळ गुरं असलेल्या शहराची मी कीव करू नये का? पुस्तक इथेच संपतं. ‘मग योनाला पटलं’ असं कुणी जोडू लागलं तर थांबवा. उत्तर प्रत्येकाने द्यायचं आहे.

योम किप्पूरला (ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या उपासाच्या दिवशी), म्हणजे बेने इस्रायलींच्या दारफाळणीच्या सणाला, दुपारच्या प्रार्थनेत हेच पुस्तक वाचतात. शत्रूच्या शहराचाही पश्चात्ताप देव स्वीकारतो, हे उपासाच्या अखेरच्या तासांत ऐकायचं असतं. शेवटी मीखा या दुसऱ्या संदेष्ट्याच्या पुस्तकातलं ७:१८-२० जोडतात, तुम्हीही जोडा. पुण्यात कॅम्पातल्या लाल देवळात किंवा रास्ता पेठेतल्या सिनेगॉगमध्ये (दोन्ही ज्यूंची प्रार्थनास्थळं) जाऊन ऐकायचं असेल, तर आधी परवानगी घ्या आणि त्या दिवशी फोन घरीच ठेवा.